सुंभ समुद्राला, पीळ हाताला

जिनोआहून पूर्वेकडे निघालेली गाडी बोगद्यांतून धावते. अंधार, मग डोळे दिपवणारा निळा तुकडा, पुन्हा अंधार. इटलीच्या वायव्येला असलेल्या लिगुरियात डोंगर थेट समुद्रात उतरतात. सपाट जमीन म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. १८६८ साली जिनोआ ते कियावारी हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा तो डोंगर पोखरूनच न्यावा लागला होता. याच मार्गावर कामोल्यी हे सुमारे पाच हजार वस्तीचं गाव आहे. लिहिताना इटालियन लोक या नावात ‘ग’ घालतात, पण बोलताना तो ‘ल’मध्ये विरघळून जातो. जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत मी तिथे राहिले. जिनोआत संशोधन करणाऱ्या मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या एका आजींच्या घरात मला एक खोली मिळवून दिली होती.

पहिला धक्का त्या घरानेच दिला. मुख्य रस्त्यावरून दार उघडून मी सरळ आत गेले, एकही जिना चढले नाही, आणि खोलीची खिडकी उघडून पाहते तर समुद्र चार मजले खाली. कामोल्यीची घरं डोंगराला पाठ टेकून उभी आहेत. रस्त्याकडून तळमजला वाटतो तो समुद्राकडून वरचा मजला असतो. सहा-सहा, सात-सात मजल्यांची ही उंच, अरुंद घरं गेरू, गुलाबी, हळदी अशा रंगांत खांद्याला खांदा लावून उभी राहतात. त्यांच्या दर्शनी भिंतींवरच्या महिरपी, कोरीव चौकटी, कधीकधी तर अर्धवट उघडलेली खिडकीसुद्धा नुसती रंगवलेली असते. दगडातलं कोरीवकाम जिथे परवडलं नाही, तिथे रंगाऱ्याच्या कुंचल्याने ते उभं केलं. आजी सांगायच्या की दुरून येणाऱ्या खलाशाला रंगावरून आपलं घर ओळखता यायचं. मी खिडकीत बसून बाहेरच्या होड्यांकडे पाहायचे तेव्हा मला ते अगदी खरं वाटायचं.

न हलणारी पाण्याची रेघ

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. समुद्रावर गेलं की आधी पाणी चढतंय की उतरतंय हे पाहायचं, मगच चपला कुठे काढायच्या ते ठरवायचं, ही लहानपणापासूनची सवय. कामोल्यीच्या किनाऱ्यावर मी पहिल्या दिवशी पाण्यापासून बरीच लांब बसले. आजूबाजूचे लोक मात्र पाण्याच्या अगदी काठाला टॉवेल पसरून निवांत पडले होते. संध्याकाळ झाली, तरी पाण्याची रेघ जागची हलली नव्हती.

भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. अटलांटिक महासागराशी त्याला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. महासागराची भरती त्या फटीतून आत शिरू शकत नाही. लिगुरियाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फार तर एक वीतभर. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाण्याचा चढउतार चार मीटरांच्या पुढे जातो. हा फरक ध्यानात आला आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. घरांच्या पायऱ्या पाण्यापर्यंत का येतात, छत्र्यांची पहिली रांग लाटेपासून चार पावलांवर कशी लावता येते, होड्यांच्या धक्क्याची उंची माणसाच्या गुडघ्याइतकीच का, या सगळ्याचं उत्तर एकच. इथल्या माणसाला समुद्राचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. म्हणून त्याने किनाऱ्यावर स्वतःचं वेळापत्रक बसवलं आहे.

वाळूची अपेक्षा ठेवून येणाऱ्याचीही इथे निराशा होते. कामोल्यीचा किनारा करड्या गोट्यांचा आहे. दक्षिणेला समुद्रात घुसलेलं पोर्तोफिनोचं भूशिर मोठ्या भागात गोट्यांच्या खडकाचं बनलेलं आहे. फार प्राचीन काळी नद्यांनी आणलेले गोटे एकमेकांत घट्ट चिकटून तो खडक तयार झाला. अनवाणी चालताना पहिले आठ दिवस तळपाय बोलतात, मग गप्प होतात. लाट मागे सरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासून जो खळखळाट होतो, तो रात्री उशाशी ऐकू यायचा. आमच्याकडे लाटेचा आवाज पसरत जातो, इथला मोजून मापून येतो.

किनाऱ्याचा एक दिवस

सकाळी सात वाजता किनारा म्हाताऱ्या माणसांचा असतो. सत्तरी-ऐंशीच्या बायका घरून पोहायचा पोशाख घालूनच, वरून एक सुती झगा अडकवून खाली उतरतात. झगा कठड्यावर ठेवून पाण्यात शिरतात आणि कमरेइतक्या पाण्यात गोल करून उभ्या राहतात. पोहणं थोडं, बोलणं फार. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाची नोकरी, टोमॅटोचा भाव, सगळं त्या पाण्यातच निघतं. सुरकुतलेल्या, सैल पडलेल्या शरीराबद्दल कुणाच्याच हालचालीत संकोच नसतो. आमच्याकडे समुद्राकाठी जन्म गेलेल्या कितीतरी बायकांनी गुडघ्याच्या वर पाणी अनुभवलेलं नसतं. माझ्या आजीने तर समुद्रात पाऊल टाकलं ते फक्त अस्थिविसर्जनाला. त्या गोल उभ्या राहिलेल्या बायकांकडे पाहताना मला आजीची फार आठवण आली. चौथ्या दिवशी त्यांनी हाताने खूण करून मलाही बोलावून घेतलं. या समुद्रात लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम मीठ असतं, महासागरांत सरासरी ३५. तेवढ्या फरकानेही अंग हलकं वाटतं आणि पाण्याची भीती कमी होते.

नऊ-दहाच्या सुमारास लहान मुलांची कुटुंबं येतात. अकराला सगळ्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली फोकाच्चा दिसते. बोटभर जाडीची, ऑलिव्ह तेलात न्हालेली ही पोळी भाजण्याआधी तिच्यावर बोटांनी खळगे पाडतात आणि त्यांत मिठाचं पाणी ओततात. मीठ त्या खळग्यांत बसतं. समुद्रातून बाहेर आलेल्या खारट ओठांना तो खारेपणा गोड लागतो. सकाळी हीच फोकाच्चा दुधाच्या कॉफीत बुडवून खातात. चहात चपाती बुडवून खाणाऱ्या आम्हा माणसांना त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. शेजारचं रेक्को गाव चीज भरलेल्या कागदासारख्या पातळ फोकाच्चासाठी प्रसिद्ध आहे. २०१५ साली तिला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि याच वेळी, गोट्यांवरून वाट काढत, बादलीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन एक माणूस आला. ‘कोक्को बेल्लो!’ अशी लांबलचक हाक देत तो छत्र्यांच्या रांगांमधून फिरला. छान नारळ, सुंदर नारळ! इटलीच्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात ही हाक सगळीकडे ऐकू येते. ज्या देशात नारळाचं झाड फळत नाही, तिथे समुद्रकाठची सुट्टी म्हटली की नारळ आठवावा, याची मला मोठी गंमत वाटली. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं की या गावाचं नारळाशी याहून जुनं आणि घट्ट नातं आहे.

एक वाजता किनारा रिकामा होतो. जेवण घरीच आणि बसून. जेवणानंतर दोन-तीन तास पाण्यात जायचं नाही, हा नियम इथली प्रत्येक आई मुलांना बजावते. पचनाच्या वेळी थंड पाण्यात गेलं तर पोटाला धक्का बसतो, अशी पक्की समजूत. त्यामुळे दुपारी दोन ते चार मुलं घड्याळाकडे बघत सावलीत बसलेली दिसतात. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा गर्दी, सातनंतर आंघोळ आणि इस्त्रीचे कपडे. किनाऱ्यावरून गल्लीत येताना अंग झाकायचं, हा संकेत आहे. इटलीतल्या अनेक गावांनी तसे नियमही केले आहेत. मग सगळं गाव समुद्रालगतच्या रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारतं. कुठे जायचं नसतं. भेटायचं असतं.

किनारा कुणाचा?

गोट्यांच्या त्या पट्ट्यावर मला सर्वांत जास्त खटकलं ते छत्र्यांचं कुंपण. एकाच रंगाच्या छत्र्या, एकसारख्या खुर्च्या, मागे कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांची रांग. इथे त्यांना ‘बान्यी’ म्हणतात, म्हणजे स्नानगृहं. मोसमाचे पैसे भरून छत्री घ्यायची. काही कुटुंबांची छत्री आजोबांच्या काळापासून त्याच रांगेत, त्याच जागी असते. दोन छत्र्यांमधल्या शेजारधर्मातून लग्नं जुळल्याचंही ऐकलं. ज्याने पैसे भरले नाहीत त्याच्यासाठी एका बाजूला मोकळा किनारा असतो, पण तो चिंचोळा आणि सकाळी आठलाच भरून जाणारा.

कायद्याने इटलीचा सगळा किनारा सरकारी मालकीचा आहे. सरकार तो परवान्यावर वापरायला देतं. पाण्याच्या काठाने चालण्याचा हक्क कुणालाही नाकारता येत नाही. हे परवाने वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांकडे आपोआप चालत आले. २००६ च्या युरोपीय संघाच्या सेवाविषयक निर्देशानुसार ते खुल्या स्पर्धेतून द्यायला हवेत, आणि २०२१ साली इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आपोआपच्या मुदतवाढी बेकायदा ठरवल्या. तेव्हापासून हा प्रश्न दर उन्हाळ्याला पेटतो. छत्रीवाल्यांची बाजूही मी ऐकली. किनारा साफ ठेवणं, पोहणाऱ्यांवर नजर ठेवायला माणूस नेमणं, वादळाने विस्कटलेले गोटे वसंतात पुन्हा सारखे करणं, हे सगळं तेच करतात. लाकडी खोल्यांच्या फळ्या शरद ऋतूत उतरवून ठेवतात आणि पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा जोडतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या वादळाने पोर्तोफिनोला जाणारा किनारी रस्ताच तोडून नेला होता. हिवाळ्यातला हा समुद्र पाहिलेला माणूस किनाऱ्यावर कायमचं काही बांधत नाही.

तरीही मला आमचा किनारा आठवत राहिला. तिथे पुळणीवर बसायला कुणी पैसे मागत नाही. ती मोकळीक किती मोठी आहे हे समजायला मला इतक्या लांब यावं लागलं.

हजार शिडांचं गाव

किनाऱ्याच्या टोकाला खडकावर उभ्या असलेल्या चर्चला वळसा घातला की छोटं बंदर लागतं. एकोणिसाव्या शतकात याच गावाला ‘हजार शुभ्र शिडांचं गाव’ म्हणत. जमीन डोंगराळ, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर ऑलिव्ह जेमतेम पिकणारं. पोट भरायचं तर समुद्रावरच. कामोल्यीची जहाजं काळ्या समुद्राकाठच्या ओडेसाहून गहू आणत, क्रिमियाच्या युद्धात सैन्याची रसद वाहून नेत आणि पुढे दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जात. जहाजाची मालकी २४ भागांत वाटलेली असे, आणि ते भाग गावातली साधी कुटुंबंही विकत घेत. एक जहाज बुडालं तर कितीतरी घरांवर घाला. म्हणून १८५३ साली गावातल्या जहाजमालकांनी एकत्र येऊन परस्परांचा विमा उतरवणारी संस्था काढली. कुणाचं जहाज गेलं तर नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. या पैशाच्या आणि विश्वासाच्या बळावर गावात नाविक शाळा आली, आणि १८७६ साली स्वतःचं नाट्यगृहही.

पुरुष वर्षानुवर्षं समुद्रावर, म्हणून ‘कामोल्यी’ म्हणजे ‘बायकांचं घर’ अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. ती भाषाशास्त्राला पटो न पटो, गावाच्या इतिहासाला ती शोभून दिसते. गावाच्या वरच्या अंगाला बोस्केत्तोच्या मातेचं देऊळ आहे. १५१८ साली तिथे एका मुलीला मेरीमातेने दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे. त्या देवळात भिंतीभर जहाजांची चित्रं लावलेली आहेत. काळोख, डोंगराएवढ्या लाटा, मोडलेलं डोलकाठीचं टोक, आणि वरच्या कोपऱ्यात ढगांतून पाहणारी माता. वाचलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस. चित्राखाली जहाजाचं नाव, तारीख, आणि कितीदा चार लॅटिन अक्षरं. त्यांचा अर्थ, नवस बोललो, कृपा झाली. गणपतीपुळ्याच्या किंवा आंगणेवाडीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला ही भाषा शिकवावी लागत नाही.

वाफेची जहाजं आली आणि शिडं गेली. त्याच सुमारास लोहमार्गाने शहरातली माणसं समुद्रावर आणली. पोहण्याची आणि उन्हात बसण्याची आवड विसाव्या शतकात वाढत गेली, तशा शिडांच्या जागी छत्र्या आल्या. बंदरात आज मासेमारीच्या होड्या मूठभर आहेत. पण त्यांच्यातच मला माझ्या गावची वस्तू सापडली.

काथ्याचं जाळं

धक्क्याच्या कोपऱ्यात तपकिरी दोराच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. वास ओळखीचा वाटला. हात लावला आणि खात्री पटली. तो काथ्या होता.

कामोल्यी आणि पुंता कियाप्पा या खडकाळ टोकाच्या दरम्यान, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ‘तोन्नारेल्ला’ नावाचं स्थिर जाळं लावतात. सतराव्या शतकापासून ते इथे लागत आलं आहे. लिगुरियात अशा प्रकारचं हे शेवटचं. एप्रिलच्या सुमारास ते समुद्रात सोडतात आणि सप्टेंबरपर्यंत ठेवतात. किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे जाणारी जाळ्याची एक लांब भिंत असते. किनाऱ्याकाठाने पोहत येणारे मासे तिला अडतात, वाट शोधत खोल पाण्याकडे वळतात आणि टोकाच्या कप्प्यांत शिरतात. दिवसातून दोन-तीनदा होडीतली माणसं शेवटचा कप्पा हातांनी उचलतात. माशाच्या मागे धावायचं नाही. तो आपण होऊन येईल तेवढाच घ्यायचा. नावात तूना असला तरी मिळतात ते बहुतेक त्याचे धाकटे भाऊबंद, आमच्या कुप्याच्या आणि बांगड्याच्या कुळातले.

या जाळ्याचा मोठा भाग काथ्याचा असतो. गावातले मच्छीमार दर वर्षी हिवाळ्यात बसून तो नव्याने विणतात. खरखरीत काथ्यावर शेवाळ धरतं, शेवाळावर बारीक जीव येतात, आणि त्यांच्यामागे मासे. मोसम संपला की हे जाळं कापून समुद्राच्या तळाशी सोडून देतात. ते तिथे कुजतं, त्याचं अन्न होतं. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

बंदरावर जाळ्यापाशी बसलेल्या एका वयस्कर मच्छीमाराला मी मैत्रिणीकरवी विचारलं, नायलॉन का नाही वापरत? त्याने खांदे उडवले आणि पाण्याकडे बोट दाखवलं. मग तो म्हणाला, नायलॉन खाली गेलं की खालीच राहतं, माझी नातवंडं जातील तरी तिथेच असेल. मी गुंडाळीतला सुटलेला काथ्या उचलला आणि तळव्यांमध्ये धरून वळला. लहानपणी आजीजवळ बसून शिकले होते. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायची, मग बडवून धागे मोकळे करायचे, आणि तळहातावर तळहात फिरवत त्याचा सुंभ वळायचा. माझ्या हातातला वीतभर सुंभ पाहून तो माणूस काही बोलला नाही. त्याने तो घेतला, ओढून पाहिला, आणि मान हलवून खिशात ठेवला.

मला त्या क्षणी आमची रापण आठवली. अर्धवर्तुळात जाळं सोडून दोन्ही टोकं अख्ख्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायची आणि मिळालेली मासळी वाट्यांनी वाटून घ्यायची. तीही अशीच, थांबून येईल तेवढं घेणारी. आज सिंधुदुर्गात रापणकर यांत्रिक पर्ससीन नौकांशी झगडत आहेत. नारळ आमचा, काथ्या आमचा, आणि आमच्या जाळ्यांत मात्र त्याचा एक धागा उरलेला नाही. हा विचार त्या धक्क्यावर मला सरळ काळजात लागला.

पाण्याखालचे हात

कामोल्यीहून होडीने पुंता कियाप्पा ओलांडून भूशिराच्या मागच्या बाजूला गेलं की सान फ्रुत्तुओसोची खाडी येते. इथे पायवाटेने किंवा पाण्यानेच पोचता येतं. गर्द झाडीखाली दहाव्या-अकराव्या शतकातल्या मठाच्या कमानी उभ्या आहेत. दोरिया या जिनोआच्या बलाढ्य घराण्याच्या कबरी त्यात आहेत. १९८३ साली दोरिया-पाम्फिली वारसांनी तो मठ, वारसा जपणाऱ्या एका राष्ट्रीय न्यासाला देऊन टाकला. मठासमोर गोट्यांचा छोटा किनारा आहे आणि लोक तिथे उन्हात पडलेले असतात. हा किनारा जुना असेल असंच कुणालाही वाटेल. पण तो १९१५ सालचा आहे. त्या वर्षीच्या अतिवृष्टीत डोंगरावरून दगडमाती कोसळली, चर्चचा काही भाग पडला, आणि त्या राडारोड्यातून ही पुळण तयार झाली. त्याआधी समुद्र थेट कमानींना लागत होता. ज्या संकटाने मठ मोडला, त्यानेच माणसांना बसायला जागा दिली.

या खाडीत सुमारे १७ मीटर खोल पाण्यात ख्रिस्ताचा अडीच मीटर उंच काशाचा पुतळा आहे. दोन्ही हात वर पसरलेले, चेहरा पृष्ठभागाकडे. १९४७ साली दारियो गोंझात्ती हा पाणबुड्या इथे मरण पावला. त्याचा सहकारी दुइलियो मार्कान्ते याच्या कल्पनेतून, गुइदो गाल्लेत्ती या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९५४ साली समुद्रात उतरवला गेला. त्यासाठी लोकांनी पदकं, जहाजांचे पंखे, घंटा दिल्या. जुलैच्या अखेरीस एका रात्री पाणबुडे लॉरेलच्या पानांचा हार घेऊन खाली जातात. मी किनाऱ्यावर उभी राहून पाण्याखाली सरकणारे दिवे पाहिले. समुद्रात गेलेल्या माणसांची नावं घेतली जात होती, आणि छत्र्यांखाली दिवसभर लोळलेली तीच माणसं उभी राहून स्तब्धपणे ऐकत होती.

दिव्यांची रात्र

ऑगस्टचा पहिला रविवार हा ‘स्तेल्ला मारिस’चा, म्हणजे समुद्रतारा मेरीमातेचा. सकाळी सजवलेल्या होड्या रांगेने पुंता कियाप्पाला निघाल्या. तिथे खडकाच्या टोकावर मातेची वेदी आहे. प्रार्थना झाली, होड्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं गेलं. पताका, फुलं, भोंगे, होडीत आजीच्या मांडीवर झोपलेलं मूल. रात्री गावातले दिवे मंदावले आणि किनाऱ्यावर जमलेल्या माणसांनी कागदी द्रोणातल्या मेणबत्त्या पाण्यावर सोडल्या. एक, दहा, मग हजारो. पलीकडे पुंता कियाप्पाहूनही दिवे सुटले होते. भरतीच नसलेल्या त्या पाण्यावर दिवे घाईने वाहून गेले नाहीत. वाऱ्याने सुचवलं तसे हळूहळू सरकत राहिले.

त्याच महिन्यात आमच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा येते. आमचा समुद्र तेव्हा खवळलेला असतो. पावसाळ्यातली बंदी संपलेली असते आणि होड्या उतरवण्याआधी कोळी बांधव त्याला शांत व्हायची विनवणी करत नारळ अर्पण करतात. त्यांचा समुद्र ऑगस्टमध्ये शांत, आमचा अजून रागीट. ते शांततेत आभार मानतात, आम्ही रागाला हात जोडतो. देण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच. समुद्राला द्यायचं ते परत मागायचं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या घरमालकीण आजींना मी नारळाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग तुमचा नारळ आमच्याकडेही समुद्रातच जातो.’ त्या जाळ्याबद्दल बोलत होत्या.

उन्हाळा उतरताना

१५ ऑगस्टला सगळी इटली सुट्टीवर असते. फेर्रागोस्तो या नावात सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या सणाची आठवण आहे. आज तो मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा दिवस. दुसऱ्या दिवशी मी जुन्या दगडी पायऱ्यांनी वरच्या सान रोक्को वाडीत चढून गेले. संत रोक्कोला आजारात एका कुत्र्याने भाकरी आणून दिली, अशी कथा आहे. म्हणून त्याच्या सणादिवशी, १९६२ सालापासून, इथे निष्ठावान कुत्र्यांचा सत्कार होतो. त्या अंगणातून खाली पाहिलं तर कामोल्यीचा किनारा बोटभर दिसत होता. छत्र्यांचे ठिपके, होड्यांच्या रेघा. आणि भूशिराच्या पायथ्याशी पाण्यावर जाळ्याच्या तरंड्यांची बारीक माळ. वरून पाहताना छत्र्या आणि जाळं एकाच चित्रात आले. दोन्ही उन्हाळ्यापुरते. दोन्ही शरदात जाणार, वसंतात पुन्हा हातांनी उभे राहणार.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला. एका रात्रीत लाटांनी गोट्यांचा पट्टा दुसऱ्याच आकारात लावून टाकला. सकाळी त्याच बायका त्याच जागी उतरल्या आणि नव्या उताराचा अंदाज घेत पाण्यात शिरल्या. मी त्यांचा निरोप घेतला.

मराठीत आपण म्हणतो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हटवादी माणसाला ऐकवायचं वाक्य. कामोल्यीत मला त्याचा दुसरा अर्थ लागला. तिथली माणसं सुंभ दर वर्षी समुद्राला देऊन टाकतात, कारण पीळ हातात आहे याची त्यांना खात्री आहे. किनारा वाहून जातो, फळ्या उतरतात, जाळं कुजतं, दिवे विझतात. उरतं ते पुन्हा करता येणं.

दिवाळीत वेंगुर्ल्याला गेले तेव्हा मी काकूला सुंभ वळून दाखवायला सांगितलं. तिने आधी नको म्हटलं, मग पडवीत बसून सोडणं सोलायला घेतली. शेजारची दोन मुलं येऊन उभी राहिली. त्यांना सुंभ ठाऊक होता, तो वळताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. काकूने त्यांच्यातल्या धाकटीच्या तळहातावर काथ्याचे चार धागे ठेवले आणि म्हणाली, ‘आता दुसरा हात ठेव, आणि पुढे ढकल.’